बोरन्हाणाचा काळा क्रोशे फ्रॉक: गळा डोक्यातून का जात नाही?

नमस्कार! संक्रांत जवळ आली की कमेंटमध्ये एकच मागणी: ताई, भाचीच्या बोरन्हाणाला काळा क्रोशाचा फ्रॉक द्यायचाय, सांगा ना. संक्रांत झाली की दुसरी: फ्रॉक झाला, डोक्यातून जातच नाही! म्हणून आज फक्त गळा.

सामान पटकन सांगते. चार पदरी सुती दोरा, वर्षाच्या मुलीला 150 ते 200 ग्रॅम, आणि 3 मिमीची सुई. गुंडे एकाच लॉटचे घ्या, काळ्यातही दोन काळे निघतात. इतवारीत, सीताबर्डीत कुणी लोकर पुढे केली तर नको म्हणा. जानेवारीत ठीक आहे हो, पण नागपूरच्या एप्रिलमध्ये कोण घालणार?

साखळी, खांब (सुईवर एक वेढा घेऊन घालायचा उंच टाका) येतात असं धरते. नमुन्यात 10 सेंमीला 20 खांब, 10 ओळी बसल्या पाहिजेत. नमुना धुऊन, वाळवून मगच मोजा. सूत पहिल्या पाण्यात आटतं.

आता गळा. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण 46 सेंमी. गळा आपण घालतो 32 चा, नाहीतर फ्रॉक खांद्यावरून उतरतो. मग 32 मधून 46 जाणार कसं? मागच्या फटीतून.

66 साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत खांब घ्या. सोडलेल्या तीन साखळ्या एक खांब धरून ओळीत 64 जागा होतात. वाटणी अशी: पाठ 9, कोपरा 1, बाही 12, कोपरा 1, पुढचा भाग 18, कोपरा 1, बाही 12, कोपरा 1, पाठ 9. प्रत्येक कोपऱ्यात 1 खांब, 1 साखळी, 1 खांब. पुढच्या ओळीपासून हेच त्या मधल्या साखळीत. ओळ संपली की काम उलटवा. गोल जोडू नका! दहा ओळी होईपर्यंत नाही. तेव्हा पुढे 38, बाहीला 32, पाठीला 19-19 खांब असतील.

काहून इतकं सांगते? दहा ओळी न जोडल्याने पाठीत राहिलेली 10 सेंमीची फट दोन्ही कडांनी उघडते, म्हणजे 32 अधिक 20, झाले 52. डोकं सहज जातं. तिसऱ्याच ओळीला जोडलंत तर 32 अधिक 6, फक्त 38. मग कितीही ओढा.

दहा ओळींनंतर बाह्या सोडा, दोन्ही बगलांत 10-10 साखळ्या घालून गोल जोडा. कोपऱ्याच्या साखळ्यांसकट 100 खांब, म्हणजे 50 सेंमी छाती. खाली घेर हवा तसा.

फट बरोबर असूनही गळा आवळतो? मग सुरुवातीची साखळी घट्ट आहे. टेबलावर न ताणता मोजा. 64 साखळ्या 28 सेंमीच भरल्या तर उसवा, आत्ताच. वर खांब सैल घालून ती कड सैल होत नाही. साखळीपुरती 3.5 ची सुई घ्या, पहिल्या ओळीपासून परत 3 ची.

“गळ्यात इलास्टिक घालू का?” नको, वळ उठतात. “नाडी?” बाळाच्या गळ्याशी नाडी अजिबात नको, फास बसू शकतो. मागे तीन चपटी बटणं, साखळीची काजी. बटण दुहेरी दोऱ्याने शिवा आणि जोरात ओढून बघा, कारण बाळ ते तोंडात घालणारच.

पांढरी किनार लावणार असाल तर आधी काळ्या दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबा. डाग उमटला तर किनारही काळीच करा.