लंडनची वाट अडली तेव्हा

[काळा पडदा. हळूहळू धुक्यातलं, पडझड झालेलं लंडन दिसू लागतं.]

23 एप्रिल, सेंट जॉर्ज डे. 2024 साली मुद्दाम हाच दिवस धरून 'फॉलआउट: लंडन' येणार होता. हा कुठल्या कंपनीचा गेम नव्हे, मॉड आहे; म्हणजे आधीच्या गेमवर चाहत्यांनी स्वतः चढवलेली भर. बेथेस्डा या गेम कंपनीच्या 2015 सालच्या 'फॉलआउट 4'वर हौशी मंडळींनी अख्खं नवं शहर उभं केलं: अणुयुद्धानंतरचं, 2237 सालचं लंडन. ब्रिटिश संसदेचे माजी सभापती जॉन बर्को यांनीही त्यातल्या एका पात्राला आवाज दिला.

आणि मग बेथेस्डाची घोषणा आली. 25 एप्रिलला 'फॉलआउट 4'चं मोठं अपडेट. मॉडच्या तारखेनंतर दोनच दिवसांनी!

मॉडवाल्यांनी तारीख पुढे ढकलली. का, ते नीट समजून घेऊ.

[पडद्यावर प्रोग्रॅमच्या फायलीतले आकडे सरकतात.]

मोठे मॉड 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर'वर चालतात. हे खेळाडूंनीच बनवलेलं अवजार. गेमच्या मूळ प्रोग्रॅममध्ये कुठलं काम कोणत्या पत्त्यावर बसलंय, हे त्याला ठाऊक असतं. तिथे जाऊन ते आपली भर घालतं. कंपनीने प्रोग्रॅम नव्याने बांधला, की सगळे पत्ते सरकतात. रातोरात गावातल्या घरांचे नंबर बदलले, तर पोस्टमन पत्र कुठे टाकणार?

मग जुनाच गेम ठेवावा की! इथेच प्लॅटफॉर्म आडवा येतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात 'अपडेट कधीच नको' असा पर्यायच नाही. फार तर 'गेम सुरू करताना कर' एवढंच सांगता येतं. जुन्या फायली मिळवायच्या, तर स्टीमच्या कन्सोलमध्ये आज्ञा टाइप करत बसायचं. पैसे आपण मोजले, गेम आपल्या डिस्कवर आहे, आणि त्याची कोणती आवृत्ती चालवायची हे दुसराच ठरवतो. मला हे साफ चुकीचं वाटतं.

डीआरएमची, म्हणजे नक्कल रोखण्यासाठी गेमला लावलेल्या डिजिटल कुलपाची, तऱ्हा आणखी वेगळी. जानेवारी 2024 मध्ये कॅपकॉमने 'रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स' या पीसीवर 2013 पासून असलेल्या गेममध्ये नवं डीआरएम घातलं. मॉड बंद पडले, खेळाडू संतापले आणि कंपनीला ते अपडेट मागे घ्यावं लागलं. दहा वर्षं जुन्या गेमला आता कुणापासून वाचवायचं होतं?

[लंडनच्या रस्त्यावरून चालणारं पात्र.]

'फॉलआउट: लंडन' अखेर 25 जुलै 2024 रोजी आला, तोही फुकट. सोय केली ती गॉग या पोलिश दुकानाने. तिथले गेम डीआरएमशिवाय मिळतात, इन्स्टॉलर उतरवून आपल्याकडे ठेवता येतो, आणि हा मॉड एका क्लिकवर बसला. स्टीमवर गेम घेतलेल्यांना मात्र आधी 'डाउनग्रेडर' चालवून गेम मागच्या आवृत्तीवर न्यावा लागला. नव्या लंडनला जायचं, तर आधी जुन्या गेममध्ये परतायचं.

[पडद्यावर तारीख उमटते: 10 नोव्हेंबर 2025.]

'फॉलआउट 4'ला दहा वर्षं पूर्ण. वर्धापनदिनाची खास आवृत्ती आली, तिच्यासोबत नवं अपडेटही. पत्ते पुन्हा सरकले. स्क्रिप्ट एक्स्टेंडर सांभाळणारे पुन्हा एकेक पत्ता शोधायला बसले.