पोर्टल आधी कोण उघडतं?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. पुरणपोळीशी स्पर्धा करायची माझी तयारी नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

मी इथे न्यू जर्सीत मिडल स्कूलला शिकवते. सहावी-सातवीतल्या मुलांच्या दप्तरात एक वस्तू हमखास सापडते: पूर्ण केलेला, पण बाईंना कधीच न दिलेला गृहपाठ. अगदी तळाशी, चुरगळलेला, कोपऱ्यावर डब्यातल्या तेलाचा डाग. पालकांना मुलांचे गृहपाठ आणि मार्क दाखवणाऱ्या शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर मात्र त्याच्यापुढे 'मिसिंग'. आई कळवळून सांगते, "अहो, मी समोर बसून करून घेतलाय!" घेतलेला असतोच. गणित येतं त्याला. अडतं ते दुसरीकडेच: काम लक्षात ठेवणं, आपणहून सुरू करणं, मधे गेमचा मोह आवरणं, बेत फिसकटला तर नवा आखणं. शाळेत याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मेंदूचा जो पुढचा भाग यात मुख्यतः राबतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यामुळे "एवढं कळत नाही का?" याचं खरं उत्तर बरेचदा "कळतं, पण जमत नाही" हे असतं.

आपण काय करतो? पोर्टल आधी आपण उघडतो, तेही ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तारखा आपल्या फोनमध्ये, आठवण आपली, धावपळ आपली. मग मुलाच्या वाट्याला सराव उरतो कुठे?

मार्शमॅलोचा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलाय: मुलापुढे ही मऊ गोड मिठाई ठेवायची, न खाता थांबलं तर आणखी एक मिळणार. त्याच्या पुढची गोष्ट फारशी फिरत नाही. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना आधी चित्र काढायला बसवलं आणि "थांब, याहून छान साहित्य आणते" असं सांगितलं. काहींना ते मिळालं, काहींना "अरे, संपलंय" ऐकावं लागलं. मग आला मार्शमॅलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३. संयम नुसता मुलाच्या अंगात नसतो, समोरच्या मोठ्या माणसाच्या भरवशावरही असतो. अभ्यास लवकर संपवणाऱ्या मुलापुढे आपण आणखी दोन वर्कशीट सरकवतो, तेव्हा तो पुढच्या वेळी रेंगाळणारच. अगदी शहाणपणाने रेंगाळतो, असं माझं मत आहे.

घरी करायचं ते साधं आहे. "नीट वाग" याने काही होत नाही; "ताट उचललं की दप्तर भरायचं" याने होतं. सायन्स प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचा असेल, तर कॅलेंडरसमोर उभं राहून विचारा, "मग बोर्ड कधी आणायचा?" उत्तर त्यालाच देऊ द्या. चुकेल. एखादा गृहपाठ राहील, मार्क जातील. सहावीत जाऊ द्यात, कॉलेजात गेलेले महाग पडतात.

एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुळातच जड जाणाऱ्या मुलांना हा आधार जास्त काळ लागतो. ते नाव निघालं की आपल्या घरांत कुजबुज सुरू होते. ती सोडा आणि शाळेत ५०४ प्लॅनबद्दल, म्हणजे अशा मुलांना शाळेने द्यायच्या सोयींच्या आराखड्याबद्दल, लेखी विचारा. सरकारी शाळेत तशी सोय मागणं तुमचा हक्क आहे.

आणि समितीला एक विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमातली मुलांची वीस मिनिटं या वेळी मुलांनाच आखू द्या: सराव कधी, माईक कोणाकडून, आधी कोण. पालकांचा ग्रुप नको. कार्यक्रम उशिरा सुरू होईल म्हणता? मोठ्यांचा कोणता वेळेवर होतो?