पक्षी जमिनीला कुठे टेकतो

(इंदूरमध्ये डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय आहे डिझायनरची स्वतःची शैली आणि तिचं अध्यात्माशी असलेलं नातं. या विषयात पाय घसरायला वेळ लागत नाही. पदरावर ओम छापला, दिव्याला कमळाचा आकार दिला, माहितीपत्रकात 'ध्यान' हा शब्द चारदा घातला, की काम झालं असं समजणारी मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून हवेत न बोलता एकच वस्तू समोर ठेवू या. ती आपल्या गावच्या राजाने घेतली होती, आणि तिच्यासाठी इथे एक मंदिर बांधायचं ठरलं होतं.

महाराजांचा राजवाडा, माणिकबाग, तुम्ही निदान बाहेरून पाहिलेला आहे. १९३०च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं तेव्हा महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि त्यांचे जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियुस, दोघेही विशीतले. आत काय नव्हतं? आयलीन ग्रे यांची खुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि पेरियां यांची पहुडायची खुर्ची, रुलमान यांचं फर्निचर, दा सिल्वा ब्रुन्स यांचे गालिचे. मुथेसियुस यांनी स्वतः काढलेल्या लाल आरामखुर्च्यांमध्ये वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. ही जमवण्यातून आलेली शैली. तिला नावं ठेवू नका. काय टाकायचं हे कळायला आधी भरपूर चांगलं घरात यावं लागतं.

याच महाराजांनी १९३०च्या दशकात कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या शिल्पकाराकडून तीन पक्षी घेतले. एक चकचकीत ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. 'अवकाशातला पक्षी' हे त्याचं नाव, पण डोळे, पिसं, पंख यातलं काही शोधू नका. खाली निमुळता, मध्ये किंचित फुगलेला, वर तिरका कापलेला उभा आकार, एवढंच.

ब्रांकुशींचा जन्म १८७६चा, रोमानियातल्या होबिट्सा खेड्यातला. १९०४ साली ते पॅरिसला पोचले. १९०७मध्ये नामवंत फ्रेंच शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत थोडे दिवस काढून बाहेर पडले. तेव्हा रीत अशी होती की शिल्पकाराने मातीत नमुना करायचा आणि दगडात उतरवायला कारागीर ठेवायचे. ब्रांकुशींनी थेट दगडावर छिन्नी धरली. माती लावता येते, काढता येते, पुन्हा लावता येते. दगडातून फक्त काढता येतं. शैलीचा पहिला पेच इथे आहे, आणि तो आवडीनिवडीचा नसून हत्याराचा आहे.

पक्ष्याची सुरुवात १९१०च्या सुमारास झाली. त्या पहिल्या पक्ष्याचं नाव 'मायास्त्रा', म्हणजे रोमानियन लोककथेतला जादूचा पक्षी. त्याला छाती होती, बाकदार मान होती, उघडी चोच होती, पाय होते. १९२०च्या आसपासच्या 'सोनेरी पक्ष्या'त पाय गेले आणि चोच नुसत्या खाचेपुरती उरली. १९२३ साली 'अवकाशातला पक्षी' आला. पुढची जवळजवळ २० वर्षं तोच आकार, संगमरवरात ७ वेळा आणि ब्राँझमध्ये ९ वेळा. बाहेरून बघणाऱ्याला हे एकच काम १६ वेळा केल्यासारखं दिसेल. ते शेजारी शेजारी ठेवून मोजलं तर प्रत्येकात उंची आणि जाडी यांचं नातं थोडं हललेलं आढळतं.

या हलण्यात तीन जागा मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात: वस्तू जमिनीला कुठे टेकते, कुठे संपते आणि तिच्यावर उजेड कसा पडतो. टेबल असो, कुर्ता असो, पाण्याची बाटली असो, शैली याच तीन जागी उघडी पडते. बाकी अंग बहुतेकांना जमतं.

आधी टेकण्याची जागा. पक्ष्याच्या तळाशी एक छोटा शंकू आहे आणि त्याच्या वर घोट्यासारखी बारीक कंबर. अख्खं वजन तिथून खाली जातं. दगड दाब उत्तम सोसतो, वाक अजिबात सोसत नाही. उभा असेपर्यंत कंबरेला भीती नाही. तोच पक्षी आडवा करून दोन टोकांवर टेकवला, की तिथेच तडा जाणार. म्हणून असली वस्तू न्यायची तर पूर्ण लांबीभर गादीचा आधार हवा. बैठकही ब्रांकुशी स्वतः करत, चुनखडीचे आणि लाकडाचे ठोकळे एकावर एक ठेवून. बैठक शिल्पाचाच भाग.

आपल्याकडच्या शाळुंकेशी हे ताडून पाहा. नर्मदेचा बाण, म्हणजे नदीतला लिंगाकार दगड, शाळुंकेत रुततो, अर्धा दिसतो, अर्धा दडतो. पक्षी मात्र जेमतेम टेकतो. दोन्हीकडे नाक-डोळे नाहीत, कथा नाही, फक्त प्रमाण आणि घोटाई. खरगोन जिल्ह्यात नर्मदाकाठी बकावा गाव आहे, तिथे नदीतल्या दगडातून शिवलिंगं घडवतात. एखादा दिवस तिथे बसून दगड कसा फिरवतात ते बघा. दगडाच्या अंगात आधीपासून असलेला पट्टा समोर कुठे आणायचा, हा त्या कामातला मोठा निर्णय. त्यावर काही कोरायचं नसतं.

आता घोटाई, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. संगमरवरावर छिन्नी काटकोनात मारली की आतले स्फटिक चिरडतात आणि पांढरा डाग पडतो. तो वरून दिसत नाही, पॉलिश चढल्यावर दिसतो. म्हणून शेवटचा पाव इंच छिन्नीने काढायचाच नाही. तिथून कानस, मग पाण्याबरोबर पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०, ४००, ८००, १५००. प्रत्येक नंबरला हात आधीच्या दिशेला आडवा फिरवायचा, म्हणजे आधीच्या रेघा पुसल्या गेल्या की नाही ते कळतं. एक नंबर गाळला तर ८००पर्यंत सगळं ठीक वाटतं आणि चमक आली की ८०च्या रेघा वर येतात. मग मागे, थेट १२०वर.

ब्राँझचं दुखणं वेगळं. ओतीव काम साच्यातून निघतं ते शिवणी घेऊन, खडबडीत. त्या काळी बहुतेक शिल्पकार रसायनांनी त्यावर हिरवा-तपकिरी रंग चढवून मोकळे होत. ब्रांकुशींनी रंग नाकारला आणि कानशीने, हाताने घासून आरसा केला. आरशाला दया नसते. वळणदार अंगावर केसाएवढा खळगा असला तरी प्रतिबिंब तिथे मोडतं. तपासायची रीत सोपी आहे: वस्तूसमोर ट्यूबलाइट धरा आणि डोकं हळूहळू हलवा. अंगावर दिसणारी उजेडाची रेघ सलग सरकायला हवी. ती जिथे थबकते किंवा उडी मारते तिथे खडूने खूण करा. मशीनच्या मऊ बफावर (पॉलिशच्या चाकावर) घाई केली तर चमक लवकर येते, पण चाक एका जागी जरा जास्त टेकलं की लाट पडते आणि कडा गोल होतात. कडक ठोकळ्यावर कागद गुंडाळून हातानेच जावं लागतं. आणि उघड्या हाताने शिवू नका. घामाचा ठसा तांब्याच्या मिश्रधातूत काही दिवसांत उतरतो.

आता विचाराल, यात अध्यात्म कुठे आलं? ब्रांकुशींचं आवडतं पुस्तक मिलारेपा या तिबेटी योग्याचं चरित्र होतं. त्यातली गोष्ट अशी की गुरू मार्पा मिलारेपाला बुरूज बांधायला लावतो, झाला की पाडायला लावतो, पुन्हा वेगळ्या आकाराचा बांधायला लावतो. कोणी काय वाचलं यावरून त्याचं अध्यात्म ठरवण्याची आपल्याला फार हौस. मी उलट तपासतो: वाचलेलं हातात उतरलं का? पूर्ण झालेला, विकला गेलेला, नावाजलेला पक्षी हा शेवटचा नाही असं मानून पुढचा दगड उचलायचा, हे १६ वेळा झालं. बुरूज पाडला नाही, पण त्यावर मुक्कामही केला नाही. उतारवयात एखादं शिल्प कार्यशाळेतून गेलं तर त्याच जागी प्लास्टरची प्रत ठेवत, कारण शेजारच्या वस्तूंशी असलेलं तिचं अंतर मोडायला नको.

अशा कामाची जगाने केलेली कदरही ऐका. १९२६ साली यातला एक ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पोचला तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला कलाकृती मानायला नकार दिला, स्वयंपाकघर आणि इस्पितळाच्या सामानाच्या वर्गात टाकला आणि ४० टक्के जकात लावली. खटला झाला. १९२८ साली निकाल ब्रांकुशींच्या बाजूने लागला. आणि तीन पक्ष्यांच्या मालकाचं माणिकबाग? तिथे पुढे कार्यालय आलं ते कस्टम आणि केंद्रीय अबकारी खात्याचं. हसा, पण मुद्दा आहे. त्या अधिकाऱ्याने वस्तूला 'हे कशासारखं दिसतं?' एवढंच विचारलं. तुमचे ग्राहकही हेच विचारतील, आणि तुम्ही घाबरून चोच परत लावाल.

ते टाळायला एक सराव सांगतो. ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या, ३० सेंटिमीटर लांब. तो आधीच उभा चिरा आणि चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर आतलं निघणार नाही. मधोमध ६ मिलिमीटरची पितळी किंवा स्टेनलेस सळई उभी धरा. साधी लोखंडी नको, गंजून तिचा डाग बाहेर येतो. ८५० मिलिलिटर पाण्यात सुमारे १२०० ग्रॅम प्लास्टर भुरभुरवा. पाण्यात प्लास्टर, प्लास्टरमध्ये पाणी नाही, गुठळ्या होतात. मिनिटभर भिजू द्या, मग बेताने ढवळा. जास्त ढवळलं तर हवा शिरते आणि ते लवकर धरतं. कोरायचं त्याच दिवशी, ओलसर असताना. पेपर मारायचा चार-पाच दिवस वाळल्यावर, नाहीतर कागद बुजतो.

असे १२ ठोकळे करा. पहिल्यात तुम्हाला ठाऊक असलेला एखादा आकार पुरा उतरवा, बगळा, समई, मक्याचं कणीस, काहीही. पुढच्या प्रत्येकात एकच गोष्ट काढायची, आणि काढताना तोल, उंची किंवा कड यांपैकी एकच बदलायची. काय काढलं ते ठोकळ्याच्या बुडाशी पेन्सिलीने लिहा. चौथ्या-पाचव्याला कंटाळा येतो. सातव्याच्या आसपास बहुतेक जण काहीतरी नवं चिकटवतात, एखादी खाच, एखादी नक्षी. तो ठोकळा फेकू नका. तुमची सवय कुठली आणि गरज कुठली हे तोच दाखवतो.

आता मंदिराकडे. १९३३च्या सुमारास महाराजांनी ब्रांकुशींना ध्यानमंदिर करायला सांगितलं. कल्पना अशी होती: एका वेळी एकाच माणसाने बसायची छोटी खोली, मध्ये पाणी, पाण्याभोवती पक्षी आणि वरच्या झरोक्यातून येणारा उजेड. १९३७ साली महाराणी संयोगिताराजे गेल्या. ब्रांकुशी १९३७-३८च्या हिवाळ्यात इंदूरला आले खरे, पण काम काही सुरू झालं नाही आणि ते परतले. मंदिर झालंच नाही. काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत.

पण त्या खोलीचा हिशेब आपण आजही मांडू शकतो. इंदूरचा अक्षांश साधारण २२.७ अंश, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. झरोका ५ मीटरवर धरा. २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांवर असतो, तेव्हा उजेडाचा ठिपका झरोक्याच्या बरोबर खाली न पडता उत्तरेला ५ मीटरहून किंचित जास्त सरकतो. एवढी खोली नसेल तर तो भिंतीवर चढेल. सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे, म्हणून ५ मीटरवर ठिपक्याची कड सुमारे साडेचार सेंटिमीटर पुसट होते. झरोका त्याहून लहान ठेवला तर गोल मिळतो, पण फिका. पाणी हललं की छतावर उजेड नाचतो, म्हणून पाण्याची धार खोलीत कुठेही पडता कामा नये. आणि ब्राँझच्या वळणावरून परतलेला झोत एका जागी एकवटतो, तिथे बसणाऱ्याचे डोळे येऊ नयेत.

ठिपका बरोबर झरोक्याखाली येतो तो वर्षातून दोनदा, साधारण ६ जूनला आणि ६ जुलैला. जुलैत ढग असतात, म्हणून जून धरा. घड्याळातले बारा नव्हेत, आपल्याकडे माध्यान्ह होते १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. त्या दिवशी तुमचा बारावा ठोकळा गच्चीवर घेऊन जा, पाण्याच्या लेव्हलने बूड सपाट करून उभा करा आणि पाच मिनिटं आधीपासून त्याची सावली बघत राहा.