सीताबर्डीनंतरचे एकोणीस दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

सीताबर्डीच्या लढाईचा विषय नागपुरात निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘तो दारूगोळ्याचा गाडा उडाला नसता, तर इतिहास वेगळा असता.’ तिसरं इंग्रज-मराठा युद्ध वेगळ्या रीतीने संपू शकलं असतं, हे मला मनापासून पटतं. त्याचा निकाल त्या गाड्यापाशी लागला, हे मात्र पटत नाही.

आधी घडलं ते थोडक्यात. २६ नोव्हेंबर १८१७. बर्डीच्या दोन टेकड्यांवर कर्नल स्कॉटचे जेमतेम चौदाशे लोक, त्यांत मद्रासी पलटणी आणि थोडं बंगाली घोडदळ. नागपूर दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्सही त्यांच्याबरोबर. समोर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांची अठरा-वीस हजारांची फौज आणि ३६ तोफा. दिवेलागणीला मारा सुरू झाला, तो रात्रभर चालला. सकाळी नऊच्या सुमाराला भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. इंग्रजांचा धीर सुटत आला होता. तेवढ्यात हुकूम नसताना कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडदळ मैदानात घातलं आणि भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या. त्यानंतर धाकट्या टेकडीवर, अरबांच्या मधोमध, दारूगोळ्याचा गाडा उडाला. त्या गोंधळात टेकडी हातची गेली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इंग्रजांची साडेतीनशेवर माणसं ठार नाहीतर जखमी, म्हणजे चौघांतला एक.

आता तो गाडा उडाला नाही असं धरू. बर्डी पडली, जेन्किन्स कैद झाला. पुढे? जालन्याकडून जनरल डव्हटन येणारच होता, तो १२ डिसेंबरला पोचला. पेशवे ५ नोव्हेंबरला खडकीला हरले होते, १७ तारखेला पुणंही गेलं होतं. आणि त्याच ५ नोव्हेंबरला तिकडे ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह करून टाकला होता. अमीरखान पठाणही फोडला गेला होता. मराठ्यांच्या मोठ्या घरांपैकी शिंद्यांचं घर बाजूला झालेलं, पेशव्यांचं पळतीवर. अशा वेळी एका टेकडीच्या विजयाने एवढं मोठं युद्ध फिरलं नसतं.

मग ते कशाने फिरलं असतं? मला वाटतं, २७ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर या एकोणीस दिवसांनी.

लढाई हरली तरी अप्पासाहेबांची बहुतेक फौज शाबूत होती. पण त्यांनी काय केलं? जेन्किन्सकडे वकील पाठवले आणि हा हल्ला आपल्या हुकुमाने झालाच नाही, असं कळवलं. बोलणी चालू राहिली. दरम्यान इंग्रजांच्या कुमकेच्या तुकड्या एकामागून एक नागपुरात दाखल होत होत्या. शेवटी डव्हटन आला आणि मग अटी घातल्या गेल्या: तोफा द्या, फौज मोडा, स्वतः हजर व्हा. १६ डिसेंबरच्या सकाळी अप्पासाहेब घोड्यावर बसून इंग्रजांच्या हवाली झाले. त्यांची फौज मात्र सक्करदऱ्याकडे तोफा लावून उभी होती! तोफा ताब्यात घ्यायला डव्हटन पुढे सरकला तेव्हा तिकडून गोळे सुटलेच. धनी शत्रूच्या छावणीत आणि चाकर लढताहेत, अशी ती लढाई. गणपतराव सुभेदार घोडदळ घेऊन निसटले आणि पुढे पेशवे दुसरे बाजीराव यांना जाऊन मिळाले. अरब शहरात शिरले.

आणि शहरात काय झालं, ते ऐका. २४ डिसेंबरला डव्हटनने जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला चढवला. अरबांनी तो मोडून काढला. बर्डी जिंकलेल्या इंग्रजांना शहरातल्या महाल भागात पाय ठेवता आला नाही. शेवटी तडजोडीच्या अटी ठरल्या, तेव्हा ३० तारखेला अरब बाहेर पडले. राजा नसताना शहर इतकं लढलं, तर राजा आत असता तर किती लढलं असतं?

किंवा राजाने शहर सोडलं असतं तरी चाललं असतं. खजिना आणि घोडदळ घेऊन चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, किल्ल्यात जायचं, नाहीतर महादेवाच्या डोंगरात. हे मी हवेत बोलत नाही. मार्च १८१८ मध्ये अप्पासाहेबांना अटक झाली, अलाहाबादला नेत असताना मे महिन्यात ते वाटेतून निसटले आणि पचमढीच्या त्याच डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. जवळ ना खजिना, ना तोफा. तरी त्या पावसाळ्यात बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली आणि पुढच्या वर्षापर्यंत इंग्रजी पलटणी त्यांच्या मागावर त्या डोंगरात अडकून पडल्या. फकिरीत जो माणूस इतकं करू शकला, तो गादीवर असताना वीस हजारांनिशी काय करू शकला असता, याचा विचार करताना मला आजही हळहळ वाटते.

आता बाजीरावांकडे बघू. अप्पासाहेबांच्या आशेवर तेही वऱ्हाडाच्या दिशेने येत होते. एप्रिल १८१८ मध्ये ते पांढरकवड्याच्या टापूत पोचले, चांदा तिथून फार लांब नाही. पण तोवर अप्पासाहेब कैदेत होते. बाजीरावांना भेटला तो कर्नल ॲडम्स, आणि त्याने त्यांची फौज उधळली. अप्पासाहेब चांद्यात तग धरून असते तर वर्धा नदीच्या काठी पेशवे आणि नागपूरकर एकत्र आले असते. तसं झालं असतं तर कंपनीला पावसाळ्यापूर्वी युद्ध उरकता आलं नसतं.

इंग्रजांची बाजू तेव्हा आपल्याला वाटते तितकी भक्कम नव्हती, हेही सांगायला हवं. १८१७ च्या नोव्हेंबरात खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातल्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली होती. माणसं हजारोंनी मेली. आपण मेलो तर तंबूतच गुपचूप पुरा, शत्रूला कळू देऊ नका, असं त्याने सांगून ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या फौजेचा सेनापती असा धास्तावलेला असताना नागपुरात वकील माफी मागत फिरत होते.

इंग्रज देशातून गेले असते, असं मी म्हणणार नाही. बंगालचा वसूल त्यांच्या हातात होता आणि शिंदे वेगळे पडले होते. पण लांबलेल्या लढाईचा शेवट तहात होतो. १७८२ मध्ये सालबाईला झाला तसा तह १८१८ च्या पावसाळ्यात झाला असता. पुण्याची गादी कदाचित वाचली नसती. नागपूरची वाचली असती, आणि मुख्य म्हणजे १८१६ चा तैनाती फौजेचा करार फाटला असता. नागपूरचे दुसरे रघूजी गेल्यावर, घरातल्या विरोधकांपुढे कारभार आपल्याकडे राहावा म्हणून अप्पासाहेबांनीच तो केला होता. रघूजींनी तो जन्मभर टाळला होता.

तो करार नसता तर जेन्किन्सला १८२६ पर्यंत नागपूरचा कारभार चालवता आला नसता, आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर दत्तक घ्यायला राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या बांकाबाईंना कलकत्त्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागली नसती. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, भोसल्यांच्या वाड्यातले जडजवाहीर लिलावात काढले. स्वतंत्र तहाने टिकलेल्या राज्याला हात घालायचा, तर त्याला नव्याने युद्ध पुकारावं लागलं असतं.