मॉडेल डिझेल इंजिनाचे दिवे खऱ्यासारखे कसे करायचे

(खोलीत अंधार. टेबलावर दोन इंजिनं.)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं बोलतोय. आधी हे डावीकडचं इंजिन चालू करतो. बघा, रुळावर उजेड कमी पडतोय आणि इंजिनाच्या अंगातनंच जास्त झिरपतोय. रंगही निळसर, मोबाइलच्या टॉर्चसारखा.

आता उजवीकडचं. हेही १:८७ मापाचं डब्ल्यूडीएम-३ए, म्हणजे आपल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल. उजेड पिवळसर, मंद, आणि फक्त काचेतनंच येतो. ही दोन्ही इंजिनं मीच केलेली आहेत. मधे एक वर्ष गेलं.

पूर्वी आपल्याकडं महालक्ष्मी एक्स्प्रेस डिझेल इंजिनामागं यायची. रात्री परीख पुलाजवळ उभं राहिलं की रुळांच्या कडा आधी सोनेरी व्हायच्या आणि मग इंजिन दिसायचं. मला मॉडेलमध्ये तो सोनेरी रंग हवा होता. त्यासाठी एलईडी घेताना 'वॉर्म व्हाइट'च मागा.

(जवळून : एलईडी, रेझिस्टर.)

सगळ्यात मोठी चूक रेझिस्टरची, म्हणजे वीजप्रवाह कमी करणाऱ्या भागाची होते. १२ व्होल्ट पुरवठा, पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरले ९. त्यावर ४७० ओहमचा रेझिस्टर लावला की जवळजवळ १९ मिलिअँपिअर जातात. एलईडी जळत नाही, पण इतक्या छोट्या इंजिनावर तो उजेड डोळ्यात घुसतो. मी २.२ किलोओहम लावतो, म्हणजे ४ मिलिअँपिअर. खोली अंधारी असेल तर ४.७ किलोओहमही पुरतो. आणि साध्या डीसीवर, म्हणजे रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून इंजिन चालवत असाल, तर एलईडीच्याच तारेत एक साधा डायोड घाला; तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. इंजिन उलटं गेलं की रुळाचा व्होल्टेज उलटतो, आणि बहुतेक एलईडी ५ व्होल्टच्या पुढं उलटा दाब सोसत नाहीत.

झिरपणारा उजेड थांबवायला बॉडीला आतनं आधी काळा रंग, त्यावर पांढरा. काळा अडवतो, पांढरा परतवतो. एलईडीभोवती हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी नळी चढवा. एवढंच.

आता पिवळा फ्लॅशर, म्हणजे इंजिनावरचा लुकलुकणारा दिवा. हा दिवा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागं माणसांचा जीव आहे. गाडी तुटली, घसरली, ब्रेक पाइपचा दाब अचानक गेला, तर लोको पायलट हा दिवा लावतो. आपले डबे शेजारच्या मार्गावर आडवे आले असतील, म्हणून समोरनं येणाऱ्या गाडीनं तो बघून थांबायचं असतं. म्हणून प्रदर्शनात हा दिवा कायम लुकलुकताना दिसला की मला पटत नाही. साध्या धावण्यात तो बंदच हवा. आणि तुमचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, आपल्या मिरज-कोल्हापूरसारखा एकेरी मार्गाचा असेल, तर स्टेशन यार्ड सोडलं की शेजारी गाडीच नसते.

लुकलुकवायला ५५५ टायमर आयसी, म्हणजे ठरावीक वेळानं वीज चालू-बंद करणारी चिप. त्याला १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वेळ काढायचं गणित : ०.६९३ गुणिले पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर. येतात सुमारे १.४५ सेकंद, म्हणजे मिनिटाला ४० च्या आसपास. डोळ्याला ही गती बरोबर वाटते.

पण एक अडचण नीट समजून घ्या. साध्या डीसीवर गाडी थांबली की रुळातला व्होल्टेजच जातो आणि फ्लॅशर विझतो. म्हणजे नेमका गरजेच्या वेळीच बंद! त्यामुळं फ्लॅशरसाठी डीसीसी, म्हणजे डिजिटल पद्धत वापरा आणि इंजिनात तिचे हुकूम वाचणारा डिकोडर बसवा. गाडी उभी असतानाही रुळात वीज राहते, आणि लुकलुकण्याची सोय बऱ्याच डिकोडरमध्ये आधीच असते. मग ५५५ लागतही नाही. मी आधी ५५५ करायला सांगतो, कारण हातानं जोडल्यावर दिवा का लुकलुकतो ते कळतं.

आणि मार्कर दिवे, म्हणजे इंजिनाच्या टोकाचे छोटे खुणेचे दिवे : गाडीला जोडलेल्या इंजिनाच्या डब्यांकडच्या बाजूला दिवे नकोत. इंजिन एकटंच धावत असेल तर मात्र मागं लाल हवा.

(खोलीत पुन्हा अंधार. दोन मार्गांवर दोन गाड्या समोरासमोर.)

आता बघा. या गाडीचे मागचे दोन डबे मी सोडवतो. गाडी थांबली. फ्लॅशर लावला. आता समोरच्या गाडीचा हेडलाइट बघत राहा... जवळ येतोय... हळू झाला... थांबला.