पाणी वाढलं असतं तर

[दृश्य : शिवाजी पूल, पहाट. खाली गढूळ पंचगंगा.]

जुलै महिना. कोल्हापूर झोपेतून उठतं आणि पहिलं विचारतं, "किती फुटांवर गेली?" नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

पुलाच्या कठड्याला टेकलेली माणसं बोलताहेत. "पाणी वाढलं तर चिखलीचा रस्ता बंद होणार."

'वाढलं' हे रूप भूतकाळाचं. पाणी मात्र अजून वाढायचंय. मराठी माणूस रोज हे असं बोलतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. आमची गोष्ट इंग्रजीच्या एका तासाची, पण ती या एका मराठी शब्दापाशी सुरू होते.

[दृश्य : जुन्या बोर्डिंगची दगडी पायरी, चपलांची रांग.]

शाहू महाराजांनी १९०१ साली इथं पहिलं बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थी वसतिगृह, सुरू केलं. त्यानंतर एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली आणि खेड्यातलं पोर शहरात शिकू लागलं. आजही चंदगड, भुदरगड, शाहूवाडीकडची मुलं अशाच खोल्यांत ट्रंका ठेवून राहतात. संध्याकाळी जेवणघरातली ताटं उचलली की तिथंच फळा टेकवला जातो. इंग्रजीचा तास.

फळ्यावर एका मुलाचं वाक्य आहे : इफ इट रेन्ड टुमॉरो, आय विल नॉट कम.

हे वाक्य चुकलं म्हणून या मुलानं आजवर बऱ्याचदा लाल रेघ बघितली असेल. मॅडम रेघ मारत नाहीत. त्या विचारतात, "मनात मराठीत काय म्हणालास?"

"उद्या पाऊस पडला तर येणार नाही."

"मग तू 'पडला'चं 'रेन्ड' केलंस. बरोबर विचार केलास, पण मराठीच्या हिशेबानं."

ही चूक अडाणीपणाची नाही. मराठीत खऱ्याखुऱ्या शक्यतेलाही 'पडला तर' चालतं. इंग्रजीत उद्याच्या खऱ्या शक्यतेला साधा वर्तमानकाळ लागतो : इफ इट रेन्स. भूतकाळाचं रूप इंग्रजीनं इथं वेगळ्या कामासाठी राखून ठेवलंय. बोलणाऱ्याला जी गोष्ट खरी वाटत नाही, किंवा होईलसं वाटत नाही, तिच्यासाठी. काळ आजचा किंवा उद्याचाच, क्रियापद मात्र एक पाऊल मागं सरकतं. याचंच नाव सेकंड कंडिशनल.

आणि हे आपल्याकडं नाही असं कोण म्हणतं? मराठीच्या पुस्तकात याला संकेतार्थ म्हणतात. 'पाऊस पडला तर' आणि 'पाऊस पडला असता तर' यातला फरक अंगणवाडीतलं पोरही ओळखतं. त्या 'असता'तच सगळं आलं.

[दृश्य : तालीम. लाल माती, घुमणारे शड्डू.]

या वर्गातला एक मुलगा पहाटे तालमीत असतो. मॅडम त्यालाच उभं करतात. खासबागेच्या मैदानात कुस्ती धरायची. बोल.

"इफ आय फाइट इन खासबाग, आय विल विन."

मग शेजारचा किडकिडीत पोरगा. तो आधी मराठीत म्हणतो, "मी उतरलो असतो तर दोन मिनिटांत चितपट झालो असतो." मग इंग्रजीत : "इफ आय फॉट इन खासबाग, आय वुड लूज."

मैदान एकच, कुस्ती एकच. एक जण उतरणार आहे, दुसरा उतरणार नाही. व्याकरण तेवढ्यानं बदललं. हे समजवायला मॅडमना एकही सूत्र फळ्यावर लिहावं लागलं नाही.

[दृश्य : पुन्हा वर्ग. खडूची धूळ.]

आता दुसरी अडचण, आणि तिचं मूळही मराठीतच सापडतं. 'पाऊस पडला असता तर मी घरी राहिलो असतो.' दोन्हीकडं 'अस'. मुलं म्हणून दोन्हीकडं 'वुड' घालतात : इफ इट वुड रेन, आय वुड स्टे. इंग्रजीत 'वुड' एकाच बाजूला, निकालाच्या. अटीच्या बाजूला भूतकाळाचं रूप : इफ इट रेन्ड, आय वुड स्टे.

एक सोय मात्र इंग्रजीनं केलीय. मराठीत मी असतो, तू असतास, तो असता, ती असती. तिथं सगळ्यांना एकच 'वेअर'. इफ आय वेअर यू, मी तुझ्या जागी असतो तर. बोलताना लोक 'आय वॉज'ही म्हणतात, परीक्षेत 'वेअर' लिहावं.

होऊन गेलेल्या गोष्टीला मराठीत तेच 'असता' चालतं, इंग्रजी तिथं 'हॅड' घेऊन तिसरा प्रकार करते. तो पुढचा तास.

[दृश्य : राधानगरी धरण, उघडलेला स्वयंचलित दरवाजा, फेसाळ पाणी.]

आणि हे बघा. धरण भरलं की दरवाजे आपोआप उघडतात. इथं शंका नाही, कल्पना नाही, म्हणून मराठीसुद्धा 'तर' सोडून 'की' म्हणते. इंग्रजीत दोन्हीकडं वर्तमानकाळ.

माझं स्पष्ट मत आहे : मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी शिकवताना त्याची मराठी वर्गाबाहेर ठेवायला लावणं हा अन्याय आहे. त्याच्याजवळ आधीपासून असलेलंच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

[दृश्य : फळा. एक मुलगा पाठमोरा.]

शेवटची दहा मिनिटं ज्यानं त्यानं आपलं वाक्य लिहायचं. हा चंदगडकडचा मुलगा लिहितोय : इफ माय व्हिलेज हॅज अ कॉलेज, आय...

खडू थांबतो. तो वाक्य पुन्हा वाचतो. तळहातानं 'हॅज' पुसतो, तिथं 'हॅड' लिहितो. आणि पुढं : आय वुड लिव्ह ॲट होम.