सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला आलात, की तोच आकडा सातशे-आठशेवर येतो. पूर्वेला माण तालुक्यात तर पाचशेचीही मारामार. मग साऱ्या जिल्ह्याचा एक 'सरासरी पाऊस' सांगायचा तो कसा?

एक खेळ करून बघा. सगळ्या पर्जन्यमापकांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहा आणि नकाशावर कसेही पसरून टाका. महाबळेश्वरचा पाऊस माणमधल्या दहिवडीला गेला! पण सरासरी तीच राहते, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) तोच, प्रमाण विचलनही (आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप) तेच. या तिघांना भूगोल येतच नाही. हातातल्या आकड्यांचं वर्णन म्हणून त्यात खोटं काही नाही. घोळ होतो तो या आकड्यांच्या जोरावर आपण न मोजलेल्या गावांविषयी बोलू लागतो तेव्हा.

कारण शेजारच्या जागा एकमेकींसारख्या असतात. यालाच अवकाशीय स्वसहसंबंध म्हणतात. तो मोजायला संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक मोरान यांनी 1950 मध्ये निर्देशांक दिला. एकाच घरातल्या चार भावांना विचारून गावाचं मत कळत नाही, तसंच हे.

किती फरक पडतो? समजा शंभर नोंदी आहेत आणि त्यांतल्या जोड्याजोड्यांमधला सहसंबंध सरासरी 0.1 आहे. दिसायला किरकोळ. पण सरासरीचं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) नोंदी स्वतंत्र असत्या त्याच्या 1 + 99 × 0.1, म्हणजे 10.9 पट होतं. प्रमाण त्रुटी, म्हणजे त्याचं वर्गमूळ, सरासरी किती चुकू शकते त्याचं माप, 3.3 पट. शंभर नोंदींना वजन उरतं जेमतेम नऊ स्वतंत्र नोंदींचं! शिवाय नमुन्यातून काढलेलं प्रचरण खऱ्यापेक्षा सरासरी दहा टक्के कमी भरतं. म्हणजे सरासरीचं प्रचरण काढायला भागिले शंभर करताना आपण फसतोच, पण ज्याला भागतो तो आकडाही आधीच आखडलेला असतो. मला यातलं दुसरं जास्त लबाड वाटतं, कारण कमी विचलन दिसलं की माणूस खूश होतो.

पीक कापणी प्रयोगांत, म्हणजे निवडक शेतं कापून उत्पादनाचा अंदाज काढतात त्यांत, हेच येतं. एका गावातली चार शेतं कापण्यापेक्षा चार गावांतलं एकेक शेत जास्त सांगून जातं. फक्त प्रवासखर्च वाढतो. भारतात हे प्रयोग यादृच्छिक नमुन्यावर उभे करणाऱ्यांमध्ये संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, आणि ते साताऱ्याच्याच बुध गावचे.

पावसासाठी हवामानतज्ज्ञ थिसेन यांनी 1911 मध्ये सुचवलेली रीत अजून वापरतात: प्रत्येक मापकाला त्याच्या भोवतालच्या क्षेत्रफळाएवढा भार द्यायचा. घाटमाथ्यावर मापकांची गर्दी असेल, तर त्यांचा आवाज त्यामुळे बेताचा होतो. पण प्रमाण त्रुटीचा प्रश्न तिथेच राहतो. त्यासाठी अंतर वाढेल तसा सहसंबंध कसा ओसरतो ते काढावं लागतं, आणि मूठभर मापकांवरून ते धड निघत नाही.